लो-प्रोफाइल टायर: पकड कुठून येते आणि चपळाई कुठून?

जागतिक रॅली स्पर्धेत धावणारी ह्युंदाई आय२० घ्या. केनियातल्या सफारी रॅलीत, दगडगोट्यांच्या आणि धुळीच्या वाटांवर ती १५ इंची रिमवर बसवलेले, उंच बाजूचे टायर घालून पळते. तीच गाडी जपानमधल्या डांबरी घाटांत उतरते तेव्हा रिम होते १८ इंची आणि टायरची बाजू बरीच आखूड. इंजिन तेच, चालक तोच. स्पर्धेचे नियमच तसे आहेत आणि त्या नियमामागे सरळ कारण आहे. आखूड बाजूचा टायर, म्हणजे लो-प्रोफाइल टायर, जिथे रस्ता गुळगुळीत आणि घट्ट असतो तिथेच आपले गुण दाखवतो. खडबडीत वाटेवर तो चालकाचा वैरी होतो.

स्पोर्ट्स कारवर असे टायर इतक्या सर्रास दिसतात की ‘टायर जितका चपटा तितकी पकड जास्त’ असा समज पक्का झाला आहे. हा समज मला खोडून काढावासा वाटतो, कारण त्यापायी लोक पैसे भलतीकडे घालतात. कमी उंचीमुळे गाडी चटपटीत वळते हे खरं. पकड मात्र मुख्यत्वे दुसरीकडून येते.

आधी टायरवरचे आकडे वाचू. २२५/४५ आर १७ असं लिहिलेलं असेल तर २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि आर म्हणजे रेडियल बांधणी, म्हणजे आतले धागे टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे घातलेले. मधला ४५ हा प्रोफाइलचा आकडा: टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ४५ टक्के. म्हणजे साधारण १०१ मिलिमीटर. त्याच गाडीला मूळचा टायर २०५/५५ आर १६ असेल तर त्याची बाजू ११३ मिलिमीटर भरते. दोन्ही टायरांचा एकूण व्यास काढून पाहा, पहिल्याचा ६३४ आणि दुसऱ्याचा ६३२ मिलिमीटर येतो. हे जुळणं मुद्दाम राखलेलं असतं. बाहेरचा व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, गिअरचं गणित बिघडतं आणि चाक मडगार्डला घासू शकतं. म्हणून रिम मोठी केली की बाजू कमी करावी लागते.

इथे एक फसगत होते. प्रोफाइलचा आकडा ही टक्केवारी आहे, उंची नव्हे. आताच्या पिढीच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसला मागे ३३५/३० आर २१ टायर येतात. ३० हा आकडा पाहून वाटतं की रिमवर नुसती रबराची पट्टी असणार. पण ३३५ चे ३० टक्के म्हणजे १०० मिलिमीटर, जवळजवळ मघाच्या २२५/४५ एवढेच. रेसट्रॅकसाठी घडवलेल्या या गाडीच्या टायरची बाजू एखाद्या नेहमीच्या हॅचबॅकइतकी उंच आहे. त्यामुळे दोन टायरांची तुलना करताना मिलिमीटर काढावेत. नुसत्या टक्केवारीवरून काही कळत नाही.

वळताना टायरच्या आत काय होतं

स्टिअरिंग फिरवलं की आधी रिम फिरते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग अजून जुन्या दिशेलाच चिकटलेला असतो. मधली बाजू पिळवटते, आणि त्या पिळातून गाडीला आडवं ढकलणारं बल तयार होतं. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला चाललं आहे, त्या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. नाव ऐकून घसरण्याची आठवण येते, पण हा कोन असल्याशिवाय कुठलीच गाडी वळू शकत नाही. तुमची गाडी सोसायटीच्या गेटातून वळते तेव्हाही तो असतोच, फक्त अगदी थोडा.

आता बाजू आखूड आणि ताठ केली तर काय बदलतं? तेवढंच आडवं बल कमी कोनात मिळतं आणि लवकर मिळतं. बल एका क्षणात उभं राहत नाही, त्यासाठी चाकाला काही अंतर गडगडत जावं लागतं. मऊ, उंच बाजूच्या टायरला हे अंतर जास्त लागतं, ताठ टायरला कमी. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका असतो. पण लागोपाठ डावी-उजवी वळणं आली की हा उशीर वाढत जातो: पहिल्या वळणाचा पीळ सुटायच्या आत दुसऱ्या वळणाचा पीळ सुरू होतो आणि गाडी हलक्या होडीसारखी डोलू लागते. लो-प्रोफाइल टायरवर ही डोलण कमी होते. हात हलला की गाडीचं नाक हललं, असा अनुभव येतो. स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याला ज्याचं वेड असतं ते हेच, आणि ते वेड मला पुरतं पटतं. गाडी हाताशी बोलते असं वाटायला लागतं.

या गुणाची एक किंमत आहे. स्लिप अँगल वाढवत नेला की बल वाढत जातं, शिखर गाठतं आणि मग उतरतं. उंच बाजूच्या टायरचं शिखर पसरट असतं. पकड सुटायच्या आधी गाडी बराच वेळ सांगत राहते: स्टिअरिंग हलकं होतं, टायर कण्हू लागतात, मागची बाजू हळूच सरकते. ताठ टायरचं शिखर सहसा अधिक अरुंद असतं. पकड असते तोवर भरपूर असते आणि सुटते तेव्हा चटकन सुटते. निष्णात चालक ही कडा ओळखतो. नवख्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

मग पकड येते कुठून?

रबर आणि रस्ता यांच्यातून. टायरचं रबर डांबरातल्या बारीक खडीवर दबतं, तिच्या खाचांत शिरतं आणि तिथून ओढून काढताना ऊर्जा खातं. शिवाय रबराचे रेणू पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटतात. ही दोन्ही कामं रबराच्या मिश्रणावर आणि त्याच्या तापमानावर अवलंबून असतात. बाजूच्या उंचीचा इथे थेट संबंध नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला टोयोटाने २०१२ साली दिला. जीटी८६ ही मागच्या चाकांवर चालणारी, हलकी स्पोर्ट्स कार बाजारात आली तेव्हा तिच्यावर २१५/४५ आर १७ मापाचे मिशलिन प्रायमसी टायर होते. याच मापाचे, इंधन वाचवण्याकडे कल असलेले टायर प्रियस या हायब्रिड गाडीच्या काही आवृत्त्यांवरही येत. प्रोफाइल ४५, म्हणजे लो-प्रोफाइलच. तरी पकड बेताची, आणि तीही जाणूनबुजून. कमी वेगातही गाडीची मागची बाजू सरकावी, चालकाला समतोल साधण्यातली मजा मिळावी, असा टोयोटाचा हेतू होता. ज्यांनी त्याच रिमवर, त्याच मापात मऊ रबराचे टायर चढवले त्यांची गाडी वळणात एकदम घट्ट बसली. प्रोफाइल तेच राहिलं, रबर बदललं.

उलट बाजूचा दाखला फॉर्म्युला वनचा. २०२१ पर्यंत या गाड्यांच्या रिम १३ इंची होत्या, आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही लहान. टायरचा बाहेरचा व्यास ६७० मिलिमीटर, म्हणजे बाजू तब्बल १७० मिलिमीटर उंच. जगातल्या सर्वांत जास्त वेगाने वळणाऱ्या गाड्या या फुगीर टायरांवर धावत होत्या. २०२२ पासून रिम १८ इंची झाल्या, व्यास ७२० मिलिमीटर झाला आणि बाजू १३१ वर आली. बदलामागे एक विचार असा होता की टायर रस्त्यावरच्या गाड्यांच्या जवळ जावेत. उंच टायरच्या काळात फॉर्म्युला वन गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल इतकी थोडी असे की धक्के खाण्याचं बरंच काम टायरची बाजूच करी. ती आखूड झाल्यावर सस्पेन्शनची आखणी नव्याने करावी लागली.

रुंदीचं काय? लो-प्रोफाइल टायर बहुधा रुंदही असतात, आणि लोक रुंदीचं श्रेय उंचीला देऊन टाकतात. इथेही एक गैरसमज आहे. रुंद टायर म्हणजे जमिनीला टेकणारा भाग मोठा, असं वाटतं. पण त्या ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवते. १,४०० किलोच्या गाडीच्या एका चाकावर ३५० किलो भार धरा आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. ठसा झाला अंदाजे १५५ चौरस सेंटिमीटर. टायर रुंद केला तरी भार आणि हवा तेवढीच असेल तर ठसा जवळपास तेवढाच राहतो. फक्त त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. वळताना आडवा ठसा फायद्याचा असतो, उष्णता जास्त रबरात वाटली जाते, आणि त्यामुळे टायर बनवणाऱ्यांना अधिक मऊ मिश्रण वापरता येतं. रुंदीमुळे पकड वाढते ती अशा आडवळणाने.

खड्डा आला की गणित उलटतं

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. वाचायला साधं वाटणारं हे वाक्य गाडीच्या हाताळणीचं अर्धं शास्त्र उलगडतं. दोन टायरांवर मिळून ७०० किलो असतील आणि ते ३५०-३५० असे वाटलेले असतील, तर दोघांची मिळून पकड सर्वाधिक. तेच ५५० आणि १५० असे वाटले गेले तर एकूण वजन तेच राहूनही पकड घटते. गाडी वळणात झुकते तेव्हा बाहेरच्या टायरांवर भार जातो आणि नेमकं हेच घडतं. स्पोर्ट्स कार बुटकी आणि रुंद बनवतात त्याचं एक कारण हे.

हाच नियम एकाच टायरला वेळेच्या हिशोबाने लावून पाहा. रस्ता उंचसखल असला की टायरवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो: उंचवट्यावर वाढतो, त्यानंतर घटतो. उंच, मऊ बाजू हे चढउतार स्वतः गिळते. आखूड, ताठ बाजू ते तसेच पुढे पाठवते. भार जितका हेलकावे खाईल तितकी सरासरी पकड कमी, आणि हेलकावा मोठा असेल तर चाक क्षणभर जमीनच सोडतं. हवेतल्या चाकाला पकड शून्य. त्यात मोठी अलॉय रिम बहुधा जड असते, आणि तिचं वजन चाकाच्या केंद्रापासून दूर गेलेलं असतं. सस्पेन्शनच्या खालचं वजन वाढलं की चाकाला जमिनीवर परत आणायला डॅम्परला, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरला, जास्त झगडावं लागतं. खडबडीत वळणावर १८ इंची रिमवाली गाडी १६ इंचीवाल्या भावंडापेक्षा मागे पडू शकते ती यामुळे. सफारी रॅलीचे टायर उंच का, हे आता सांगायला नको.

ड्रॅग रेसिंगमध्येही, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीत, बाजू उंच हवी असते, निराळ्या कारणाने: सुटताना टायर सुरकुतून ठसा लांब होतो आणि ताकद झटक्याने न जाता सावकाश जमिनीत उतरते. डॉजने २०१८ साली चॅलेंजर डीमन काढली तेव्हा तिच्याहून कमी ताकदीच्या हेलकॅट आवृत्तीवर २० इंची रिम असताना डीमनला मुद्दाम १८ इंची रिम आणि ३१५/४० टायर दिले.

मग स्पोर्ट्स कारवर एवढ्या मोठ्या रिम का येतात? चटपटीत वळणं हे एक कारण झालं. दुसरं आहे ब्रेक. १९६४ मधल्या पहिल्या पोर्शे ९११ वर १६५ मिलिमीटर रुंदीचे, १५ इंची टायर होते. आजच्या ९११ जीटी३ च्या पुढच्या ब्रेकची डिस्कच ४०८ मिलिमीटरची आहे. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. त्या मूळ ९११ चं अख्खं रिम काय, त्याहून एक इंच मोठं रिमही या डिस्कपेक्षा लहान भरेल, आणि वर कॅलिपरला, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या चिमट्याला, जागा लागते ती वेगळीच. मोठी डिस्क बसवायची तर मोठी रिम लागते, आणि चाकाचा एकूण व्यास आवाक्यात ठेवायचा तर टायरची बाजू कापावी लागते. म्हणजे कित्येक गाड्यांत लो-प्रोफाइल टायर हा ब्रेकच्या हट्टापायी आलेला असतो.

रेडियल बांधणीचा रुंद, आखूड टायर रस्त्यावरच्या गाड्यांत आला तो १९७० च्या दशकात, पिरेलीच्या पी७ मुळे. लान्चियाच्या स्ट्रॅटोस या रॅली गाडीच्या गरजेतून तो घडला आणि मग पोर्शे ९११ टर्बोवर आला. १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंताश एलपी४०० एस वर तर मागे ३४५/३५ आर १५ असे अजस्र टायर होते. रिम तेव्हाही १५ इंचीच, हे लक्षात घ्या. टायर आडवा वाढला होता.

या टायरांना सस्पेन्शनही साथीला तसंच लागतं. गाडी झुकली की चाकही थोडं कलतं. उंच टायर वाकून हा कल सांभाळून घेतो आणि ठसा बऱ्यापैकी सपाट ठेवतो. ताठ, रुंद टायर वाकत नाही, त्यामुळे सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि आतली कड जवळपास मोकळी राहते. म्हणून खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये चाकांचा कोन ठरवणारी भूमिती काटेकोर असते आणि गाडी थांबलेली असताना चाकं वरच्या बाजूने आत किंचित झुकलेली ठेवतात, वळणात ती बरोबर उभी व्हावीत म्हणून. कुटुंबासाठी बनवलेल्या गाडीला नुसते रुंद, चपटे टायर लावले तर ही भूमिती आपोआप येत नाही. गाडी दिसते स्पोर्टी, टायरची बाहेरची कड मात्र आधी झिजते.

पाऊस आणि आपले रस्ते

महाराष्ट्रात चार महिने रस्ता ओला असतो, त्यामुळे पाण्याचा मुद्दा सोडून चालणार नाही. टायरला आपल्या वाटेतलं पाणी बाजूला सारून डांबरापर्यंत पोहोचावं लागतं. ठसा रुंद आणि आखूड असला की जास्त पाणी, कमी अंतरात हटवावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी. दोष इथे रुंदीचा असतो, पण लो-प्रोफाइल संच घेताना रुंदी सोबत येतेच. एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यात वेगात शिरणाऱ्या रुंद टायरांच्या गाडीने आपला वेग आधीच कमी करायला हवा, विशेषतः टायरच्या खाचा झिजल्या असतील तर.

खड्ड्यांचं दुखणं त्याहून रोजचं. खड्ड्याची कडा टायरला दाबते तेव्हा बाजू कडा आणि रिम यांच्यात चिमटली जाते. उंच बाजूला दबायला जागा असते. आखूड बाजू लगेच रिमला टेकते, आतले धागे तुटतात आणि मग बाजूवर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो, कारण त्या जागी हवेला अडवायला नुसतं रबर उरलेलं असतं. बऱ्याचदा रिमही वाकते. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तरीही रिम मोठी करायचीच असेल तर एक आकडा जरूर पाहा: टायरवर मापाच्या पुढे लिहिलेला भाराचा अंक. २२५/४५ आर १७ वर सहसा ९१ असतो, म्हणजे एका टायरची क्षमता ६१५ किलो. २२५/४० आर १८ च्या साध्या टायरवर ८८ लिहिलेलं असतं, म्हणजे ५६० किलो. बाजू आखूड झाली की आत मावणारी हवा घटते, आणि भार मुळात हवाच पेलते. याच मापाचा एक्स्ट्रा लोड, म्हणजे ‘एक्सएल’ लिहिलेला टायर घेतला तर अंक ९२ होतो आणि क्षमता ६३० किलो. मात्र तो पूर्ण भार पेलायला हवाही जास्त लागते, आणि ती नियमित तपासावी लागते. हवा कमी असलेला लो-प्रोफाइल टायर खड्ड्यात सगळ्यात आधी बळी जातो.

पकड हवी असेल तर माझा सल्ला साधा आहे: कंपनीने दिलेलं माप तसंच ठेवा आणि तेच पैसे चांगल्या रबराच्या टायरवर घाला. वळणात, ब्रेक दाबताना आणि पावसात फरक लगेच कळेल, आणि गाडीचा आरामही शाबूत राहील. रिम मोठी करायचीच तर एका इंचावर थांबा. दुकानात टायर हातात आला की बाजूवरचे, लंबगोल चौकटीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. रबर पडून पडूनही कडक होत जातं, तेव्हा उत्तम कंपनीचा पण कित्येक वर्षं गोदामात पडून राहिलेला टायर सवलतीत मिळत असला तरी घेऊ नका.